पहिली रजई

जळगाव,
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय आणि भलत्याच नम्र माहे,

तुझा अर्ज पोचला. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षातून तो दहा-बारा दिवसांपूर्वी माझ्या टेबलावर आला, मार्गदर्शक म्हणून मी सही करावी म्हणून. वर शोधाचं नाव: केळीच्या फणीच्या कापलेल्या देठाला लावायचा लेप. छान. त्याखाली 'शोधक' या रकान्यात माझं नाव, सगळ्या पदव्यांसकट. आणि त्याच्याही खाली, जिथे 'साहाय्य' असं छापलंय, तिथे बारीक अक्षरात डॉ. माहेनूर हनीफ पिंजारी. म्हणजे तू. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षर तुझंच होतं. मग मला असा राग आला की कक्षातल्या शिपायाला मी उगाचच पंख्याच्या खडखडाटावरून बोलले. तो बिचारा पंखा बंद करून निघून गेला आणि मी घामाघूम होऊन तुझा अर्ज बघत बसले.

फोन करणार होते. पण फोनवर तू काय करतेस ते मला पाठ आहे. मी बोलते, तू 'जी मॅडम, जी मॅडम' म्हणतेस, फोन ठेवतेस आणि आधी ठरवलेलं असतं तेच करतेस. तुझ्या नम्रपणाइतकं हट्टी या जगात दुसरं काही मी पाहिलेलं नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. यात तुला मध्येच 'जी मॅडम' म्हणून मला गप्प करता येणार नाही.

आधी कामाचं सांगते, म्हणजे प्रेमाचं नंतर निवांत सांगता येईल. गेल्या पोळ्याच्या सुमारास तू तो लेप एरंडोलजवळच्या केळी भरायच्या शेडमध्ये बायकांच्या हातात दिलास. चाचणीसाठी असं चारचौघांत वापरून बघायला कायदा वर्षभराची सवलत देतो. त्यानंतर ती गोष्ट नवी राहत नाही, आणि पेटंट मागायची सोयच उरत नाही. यंदाचा पोळा तोंडावर आलाय. त्याआधी अर्ज जायला हवा आणि तो खऱ्या शोधकाच्या नावानेच जायला हवा. जिने शोध लावला तिचं नाव गाळून आणि जिने लावला नाही तिचं घालून पाठवलेला अर्ज उद्या कुणीही मोडीत काढू शकतं. ही झाली कायद्याची बाजू. दुसरी बाजू तुझ्या पोटापाण्याची. तू धुळ्याच्या कॉलेजात तासिकांवर शिकवतेस, दर जूनमध्ये नेमणूक होईल की नाही म्हणून जीव मुठीत धरून बसतेस, आणि यंदा कायम जागेची मुलाखत आहे. तिथे मांडायला तुझ्याकडे एक गोष्ट अशी आहे जी तुझी, फक्त तुझीच आहे. ती तू मला देऊन मोकळी झालीस. आणि वर शाळेतली वही तपासायला द्यावी तशी, सोबत 'काही चुकलं असल्यास कळवावे' अशी चिठ्ठी.

तुला आठवतं का तो दिवस? तू तेव्हा रोज धुळ्याहून एसटीने यायचीस, पारोळा, एरंडोल करत. तुझ्या प्रबंधाचा विषय होता केळीच्या खोडातले तंतू. एके दिवशी एरंडोलपाशी बस बंद पडली, सगळे प्रवासी कंडक्टरच्या नावाने बोटं मोडत उभे राहिले आणि तू पाणी मागायला रस्त्याकडेच्या त्या शेडमध्ये गेलीस. दुपारी प्रयोगशाळेत आलीस ती थेट माझ्या टेबलापाशी, पर्सही न ठेवता. म्हणालीस, मॅडम, त्या बायकांचे हात पाहिलेत का तुम्ही? मी म्हटलं, कुठल्या बायका? घडापासून फणी कापली की देठातून चीक वाहतो, तो फळावर ओघळला की काळे डाग पडतात, हे मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवत होते. फळावरचा डाग कसा टाळायचा यावर आमच्या विभागात माझ्या देखत कितीजणांनी पदव्या मिळवल्या. तोच चीक कापणारीच्या बोटांच्या चिरांमध्ये बसतो, नखं काळी पडतात, कातडी सोलते आणि रात्री भाकरी थापताना आग होते, हे मात्र कुणाच्या प्रबंधात आलं नव्हतं. तुला तिथल्या शेवंताबाईंनी काय सांगितलं ते तू मला त्यांच्याच बोलीत ऐकवलंस: "केयी बठ्ठास्न्या शेतस, पन हात ते आम्हनाच शेतस ना माय." केळी सगळ्यांची, पण हात तर आमचेच ना. माझ्या अंगावर काटा आला होता. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू ते ओढणीने पुसताना पंखा बघतेय असं दाखवलंस.

पुढचं सगळं तू केलंस. बाभळीचा डिंक तू आणलास. सरकीच्या पेंडेतून काय काढायचं ते तुला सुचलं, कारण तुझ्या घरात कापसाशिवाय दुसरा विषय निघत नाही. तिसरी वस्तू कुठली, ते मी इथे लिहीत नाही. अर्ज दाखल होईपर्यंत तोंड शिवून ठेवायचं हा धडा मीच तुला दिला होता, आणि निदान तो तरी तू ऐकलास. शेवंताबाईंनी तुला स्टीलच्या डब्यात बोट घालून विचारलं ना, "यामा काय टाकेल शे वं पोरी?" आणि तू म्हणालीस, "घरनंच शे, मावशी." त्या म्हणे अख्ख्या शेडला सांगत फिरल्या की धुळ्याची पोर घरचं मलम आणते. कापल्या देठाला कुंचल्याने एक हात फिरवला की चीक जागच्या जागी थांबतो. फळ स्वच्छ आणि बोटंही कोरडी. आता यात माझा वाटा किती, तोही मांडते. डिंकाच्या खरेदीच्या कागदावर मी सही केली. तू बोलत होतीस तेव्हा मी चहा प्यायले. लेप पहिल्यांदा नीट धरला त्या दिवशी मी पेढे आणले, आणि त्यातले निम्मे मीच खाल्ले. चांगला मार्गदर्शक असाच असावा असं माझं मत आहे, पण त्याला शोधक म्हणत नाहीत.

तू म्हणशील, मॅडम, सगळेच तर मार्गदर्शकाचं नाव घालतात. सगळे नाही घालत, माहे. मी त्या कक्षाच्या समितीवर इतकी वर्षं बसलेय, दारातून कोण कसा आत येतो हे मला एव्हाना पावलांवरून कळतं. आपले गिरधर सर बघ. माणूस लाख मोलाचा, माझ्या आजारपणात त्याची बायको रोज डबा पाठवायची. पण तो समितीपुढे पहिल्यांदा आला तो एका लग्नपत्रिकेच्या मागे काढलेलं चित्र घेऊन. कापूस वेचणाऱ्याच्या कमरेला बांधायची झोळी, तिला खाली एक चाक. ते चाक शेतातल्या ढेकळांतून चालणार कसं, असं मी विचारलं, तर म्हणाला, होईल ते मॅडम, आधी नोंद तर करू. आणि खरंच झालं! त्याच लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या कारखानदाराशी त्याचं बोलणंही झालं होतं. पुढे चाक गेलं, त्या जागी घसरपट्टी आली, पण नोंद त्याच्या नावावर झाली ती झालीच. मला त्याचा राग येत नाही. हेवा वाटतो, अगदी मनापासून.

आणि आता रसायनशास्त्रातली मोहिनी बघ. तिने कापडावरचे केळीचे डाग घालवायचं द्रावण केलंय, हे मला कळलं कसं? तर कॅन्टीनमध्ये माझ्या साडीवर चीक पडला आणि तिने पर्समधून बाटली काढली. मी विचारलं, कक्षात का नाही आणलंस? म्हणाली, अजून पूर्ण झालं नाही, एक-दोन गोष्टी राहिल्यात, आणि याला कोण शोध म्हणणार? दोन वर्षांनी मी परत विचारलं, तेव्हाही एक-दोन गोष्टी राहिल्याच होत्या. दरम्यान कुणीतरी दुसरीकडे तसंच द्रावण करून विकायलाही काढलं. मोहिनी मला म्हणाली, बरं झालं, लोकांची सोय झाली. हे ती खरंच मनापासून बोलली, आणि म्हणून मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. बायका आमच्या दारात येतात त्या सगळं झाल्यावर, बांधून, टाके घालून, तीन-तीनदा तपासून. तरीही उंबऱ्यावर थांबून विचारतात, हे चालेल का? पुरुष अर्धवट घेऊन येतात आणि खुर्ची ओढून बसतात. कारखानदारांची गाठ पडते ती संध्याकाळी टपरीवर, नाहीतर कुणाच्या गाडीतून शेताकडे जाताना. त्या वेळी आपण बस पकडायला पळत असतो. यात कुणाचा दुष्टावा नाही ग, पण आमच्या समितीपुढची नावं वाचायला लागलीस की ऐकून तुला कंटाळा येईल, इतकी ती सगळी 'श्री.'ने सुरू होतात.

परवाचीच गंमत सांगते. केळी बाहेरदेशी पाठवणाऱ्या त्या कंपनीतून विभागात फोन आला. मीच उचलला. पलीकडून एक तरुण, गोड आवाज: "तो देठाचा लेप ज्या सरांनी केलाय, त्यांच्याशी बोलायचं होतं." मी म्हटलं, सर नाहीत. तो म्हणाला, कधी येतील? मी म्हटलं, ते कधीच येणार नाहीत, कारण ते नाहीतच. मॅडम आहेत आणि त्या धुळ्याला राहतात. तो गडबडला, माफी मागितली, आणि मग काय म्हणाला असेल? "मग त्यांच्या वतीने बोलायला कुणी सर आहेत का?" मी फोन जरा दूर धरून हसून घेतलं. मग त्याला सांगितलं की येत्या गुरुवारी अकरा वाजता विद्यापीठात या, लेप करणारी स्वतः बोलेल. हो, तुला न विचारता सांगितलं. आता तू मला दुसरं काय करायला ठेवलं होतंस?

तर आता मी गेल्या रविवारी काय केलं ते ऐक. तू मैत्रिणीच्या लग्नाला मालेगावला गेली होतीस हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो दिवस निवडला. मला वाटत होतं, हे शोधकाच्या रकान्याचं खूळ तुझ्या अब्बांनी तुझ्या डोक्यात भरलं असणार. उस्तादाच्या पुढे बसू नये, वगैरे. तेव्हा त्यांच्याशी दोन शब्द भांडावं म्हणून मी सकाळची एसटी पकडली आणि धुळ्याला तुमच्या दुकानात जाऊन उभी राहिले. पावसाळ्यात गाद्यांचं काम कमी, त्यामुळे हनीफभाई निवांत होते. पिंजायचं यंत्र बंद होतं तरी कापसाचे बारीक तंतू हवेत होतेच. साकिब मला बघून इतका घाबरला की त्याला वाटलं तुला काहीतरी झालं. मी म्हटलं, काही झालं नाही, तुझ्या बहिणीची तक्रार घेऊन आलेय. तुझ्या अम्मीने मला भांडायला वेळच दिला नाही. शेवभाजी आणि भाकरी समोर आली. ताजबींच्या हातची ती शेवभाजी खाऊन भांडायला फार मोठं काळीज लागतं, ते माझ्याकडे नाही.

जेवल्यावर मी तुझा अर्ज हनीफभाईंपुढे ठेवला आणि रकाना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की माझा उरलासुरला राग विरघळला. म्हणाले, मॅडम, तिने तुम्हाला पहिली रजई दिली. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी तुमच्या गल्लीतली रीत सांगितली. शागीर्द पिंजायला शिकतो, भरायला शिकतो, वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली काम करतो आणि ते सगळं उस्तादाच्या नावाने विकलं जातं. एक दिवस तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने एक रजई करतो. ती विकायची नाही. ती उस्तादाला द्यायची. हनीफभाईंनी स्वतःची पहिली रजई अशीच दिली होती. साकिबने त्यांना दिली, ती अजून त्यांच्या खाटेवर आहे, मी पाहिली, निळ्या फुलांची. मला एकदम तुझा अर्ज कळला, माहे. तू घाबरून माझं नाव घातलं नव्हतंस. मला खूश करायलाही नव्हतंस. तू आयुष्यातलं पहिलं स्वतःचं काम केलंस आणि तुझ्या घरात ते जसं देतात तसं मला दिलंस. मी पदराने डोळे पुसले आणि शेवभाजी तिखट होती असं सांगितलं. ताजबींनी लगेच गूळ आणला.

पण हनीफभाईंचं सांगणं संपलं नव्हतं. रजई दिली की रीत पुरी होत नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर उस्ताद ती रजई दुकानापुढे पसरतो. शेजारपाजारचे दुकानदार जमतात. तो मुठीने ती दाबून बघतो, तिच्यावर बसतो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "ये किसने भरी?" इतकी वर्षं मान खाली घालून काम केलेल्या शागीर्दाने त्या वेळी मान वर करून स्वतःचं नाव सांगायचं. बापाच्या नावासकट, मोठ्याने. मग उस्ताद म्हणतो, "रजई मेरी, काम तेरा." त्या दिवसापासून गिऱ्हाईक दुकानात येऊन त्या पोराचं नाव घेऊन काम मागतं. साकिबच्या वेळी गल्लीत जिलेबी वाटली होती म्हणे. साकिब ते ऐकताना लाजत होता, खुशीतही होता.

मी विचारलं, आणि माहेनूरची पहिली रजई? हनीफभाई म्हणाले, ती कुठे दुकानात बसायची, ती आत असायची. तेवढ्यात आतून ताजबींचा आवाज आला, "टाके तो बचपन से वहीच डालती." मग साकिब, तो खाली बघून एक धागा बोटाला गुंडाळत होता, हळूच म्हणाला, "अब्बा, मेरी पहिली रजई के टाके भी माहेनूरनेच डाले थे. मेरे से टेढ़े आते थे." हनीफभाई उठले, आत गेले आणि ती निळ्या फुलांची रजई घेऊन आले. गुडघ्यावर पसरून टाक्यांवरून बोट फिरवत बसले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. किती वर्षं ती अंगावर घेऊन झोपले होते! मग मला म्हणाले, आणि मला नाही, खरं तर स्वतःलाच, "लड़की को किसीने पूछाच नहीं." त्यांचा आवाज असा झाला होता की मला तिथून उठवेना. निघताना ते मला स्टॅंडपर्यंत सोडायला आले, माझी पिशवी हातात घेऊन, आणि वाटेत फक्त एवढंच म्हणाले की मॅडम, आमच्याकडून राहिलं, तुम्ही विचारा.

एसटीत पारोळा येईपर्यंत मी तोच विचार करत होते. तुला त्या रीतीतला अर्धा भागच ठाऊक आहे. द्यायचं कसं, ते तू आत बसून बघत शिकलीस. सांगायचं कसं, ते शिकायची वेळ तुझ्यावर कधी आलीच नाही, कारण प्रश्नच दुकानापुढे विचारला जायचा आणि तू आत होतीस. आणि मला वाटतं, फक्त तुमच्या गल्लीतच असं होतं असं नाही. मोहिनीच्या घरी काही रजया भरत नाहीत.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. कक्षाबाहेरच्या भिंतीवर आपल्या विद्यापीठाला मिळालेली पेटंट चौकटीत लावली आहेत ना, तिच्यासमोरून मी रोज जाते. तिथे माझं नाव कुठेच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी निवृत्त होतेय, आणि आता ते तिथे लागेल अशी काही आशा नाही. म्हणून तुझा अर्ज आला तेव्हा राग आला हे खरं, पण तो मी त्याच दिवशी परत पाठवला नाही हेही खरं. घरी आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि भाजी निवडताना, चहा करताना, जाता-येता त्या रकान्यातलं माझं नाव वाचत राहिले. एकदा तर मोठ्याने वाचून पाहिलं. फार बरं वाटलं ग, हावरटासारखं. कुणी मला इतकं मोठं काही कधी दिलं नव्हतं. तू ते दिलंस, ते मी डोक्यावर घेतलं, उराशी धरलं. आणि मग लाल शाईचं पेन काढून खोडलं.

सोबत कोरा अर्ज पाठवतेय. शोधकाच्या रकान्यात एकच नाव येईल, ते तू लिहायचं, ठळक अक्षरात. गुरुवारी पहिल्या एसटीने ये. हनीफभाई आणि ताजबीही येताहेत, साकिब त्यांना घेऊन येणार आहे. तुला बोलता येत नाही असं मला सांगू नकोस, शेवंताबाईंच्या शेडमध्ये तू तासभर बोललेली मला ठाऊक आहे. त्या दिवशी समिती असेल, गिरधर सर असतील, कंपनीचा तो गोड आवाजाचा पोरगाही असेल. मी खिडकीशी बसेन. मला एक खरीखुरी रजई हवी आहे, तू भरलेली, तुझ्याच टाक्यांची. ती मी घेईन, परत देणार नाही, आणि म्हातारपणी अंगावर घेऊन लोळेन. पण काम तुझं. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, की प्रश्न अचानक आला तर तू सवयीने मान खाली घालशील, म्हणून तो तुला आधी एकटीला विचारून ठेवावा. गुरुवारी लेपाचा डबा सगळ्यांच्या मध्ये टेबलावर ठेवला जाईल आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारेन. माहे, हा लेप कुणी केला?

मान वर केलेली बघायला आतुर,
तुझीच,
हेमांगी मॅडम